आधी कानाने बघायचा रस्ता

माझ्यासारख्याने लिहायला बसणं जरा जास्तच होतंय, त्याबद्दल माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण काल रस्त्यावर ओतलेल्या गरम डांबराचा वास आला आणि मी पुन्हा गोरेगावच्या हायवेच्या कडेला, पहिलीतला मुलगा होऊन उभा राहिलो.

शाळा पलीकडे होती. आईबाबा पहाटेच कामाला जात. बाबांनी बजावलं होतं, "रस्ता ओलांडायला शिकलास तर शाळा, नाहीतर राहा घरी."

शेजारची शैलामावशी आम्हा चाळीतल्या पोरांना घेऊन वळणाशी थांबली. तिथे गाड्या दिसण्याआधी ऐकू येत.

"डोळे मिटा. आधी कानान बघा. काय येता?"

"बस!" मी ओरडलो.

"मेल्या, बस खंयची? ट्रक आसा तो!"

पोरं खिदळली. धुरळा उडवत खरंच ट्रक गेला. मग आवाज विरत विरत अगदी थांबला.

"आता डोळे उघडा. दोन्हीकडे बघा. चला, धावायचं नाय!"

एकमेकांचे हात धरून आम्ही ऐटीत पलीकडे गेलो. पुढच्याच आठवड्यापासून मी एकटा शाळेत जाऊ लागलो. मला वाटायचं, मावशीचा जन्मच या हायवेवर गेलाय.

काल घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती हसली.

"अरे, शैला तेव्हा नुकतीच गावाहून आलेली. तुमची शाळा बुडू नये म्हणून आदल्या दिवशी दुपारभर वळणावर उभी राहून नुसत्या गाड्या ऐकत होती. हायवे तिनेही तुमच्याबरोबरच पहिल्यांदा ओलांडला."