हळिवाखालचा खंदक

प्रबोधकाका बँकेत जोखीम मोजतात. म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांना काहीही सांगा, अगदी दूध उतू गेलं म्हणून सांगा, ते गंभीरपणे मान हलवून 'नोटेड' म्हणतात. मग दूध पुसायला अरुणाकाकूच जातात.

दिवाळी तोंडावर आली की मात्र हा माणूस बदलतो. बाह्या वर सरकतात, नर्सरीतून मातीच्या पिशव्या येतात आणि परदेशातल्या चोआ चू कांग वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये, कपडे वाळत घालायच्या जागेत, चाकं लावलेल्या भल्यामोठ्या प्लास्टिक ट्रेमध्ये किल्ला उभा राहू लागतो. ट्रेला चाकं अशासाठी, की किल्ला पुढे स्पर्धेला सेम्बावांगला न्यायचा असतो. तिथल्या एका कॉन्डोत निशिकांतकाका ही स्पर्धा भरवतात आणि भाषणही तेच करतात.

या वर्षी काकांच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. त्यांचा थोरला, अनीश, नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला गेला होता. शनिवारी घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा तेकोंग बेटावरच्या छावणीत.

"कसं चाललंय?"

"ओके लाह."

"काय शिकवलं या आठवड्यात?"

"नॉर्मल."

"जेवायला काय देतात?"

"फूड."

पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याचा अर्ज काकांनीच भरला होता, अनीश तीनचाकी सायकल चालवायचा तेव्हा. त्या अर्जापायी पोराची दोन वर्षं जिथे जात होती, ती जागा कशी आहे हे बापाला कळू नये? त्यांना पोराच्या तोंडून एक धड वाक्य हवं होतं. एकच.

तसं एक अर्धं वाक्य मिळालं होतं. मोजे तांबडे का झालेत, असं अरुणाकाकूंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "खड्डा खणला."

काकांनी ते नोटेड केलं आणि ऑफिसला जाता-येता एमआरटी मेट्रोत उभ्या-उभ्या मोबाइलवर खड्ड्यांचा पिच्छा पुरवला. माणूस आयुष्यभर किल्ले करत आलेला. उंची म्हणजे ताकद, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. मग सैनिक डोंगर सोडून जमिनीत का शिरला? वाचता वाचता त्यांचं स्टेशन दोनदा चुकलं. तोफा आल्या तशा भिंती बुटक्या आणि जाड झाल्या. मशिनगन आली आणि चार माणसं शेकडोंना अडवू लागली, तेव्हा रांगेनं चालून जाणारी फौज उंदरासारखी मातीत घुसली. खंदक ओलांडायला रणगाडा आला. एकानं कुलूप केलं की दुसरा किल्ली करणार. हे तर थेट आपल्या ऑफिससारखं आहे, असं काकांना वाटलं.

"या वर्षी खंदक करतोय," त्यांनी निशिकांतकाकांना फोनवर सांगून टाकलं.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "बघा हं, मी आपलं सांगतो, पटलं तर घ्या. स्पर्धा किल्ल्यांची. किल्ल्यावर महाराज. आता तुम्ही महाराजांना खड्ड्यात बसवणार?"

हा प्रश्न मात्र काकांना अडला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. टेकडीवर किल्ला, किल्ल्यावर सिंहासन, त्यावर मातीचे महाराज, आणि पायथ्याशी खंदक, त्यात मातीचे सैनिक. लिटिल इंडियातून आणलेलं हळीव टेकडीवर पेरलं होतं, ते दाट, कोवळं उगवून आलं.

"मी काही बोलत नाही," अरुणाकाकू म्हणाल्या, म्हणजे त्या आता बोलणार होत्या. "पण त्या चरात पाणी साचलं आणि डास झाले, तर तपासणीवाल्यांना तुम्ही तोंड द्यायचं. मी दार उघडणार नाही."

स्पर्धेच्या रविवारी सकाळी अनीश मोजे काढायला दांडीपाशी गेला आणि ट्रेसमोर थांबला. काका कांदा चिरल्यासारखं करत स्वयंपाकघरातून बघत होते. अरुणाकाकू त्यांच्याकडे बघत होत्या, कारण हातात कांदाच नव्हता.

"बाबा, हे काय?"

"खंदक."

"हा ड्रेन आहे."

काका बाहेर आले. चर पट्टीनं आखून खणलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कडा चमच्यानं गुळगुळीत केलेल्या. बँकेतल्या माणसानं केलेला खंदक तसाच असणार.

"काय चुकलं?"

अनीशनं खांदे उडवले. 'ओके लाह' अगदी ओठांवर आलं होतं. पण चुकीचा खड्डा समोर दिसतोय आणि गप्प बसायचं, हे तेकोंगवरच्या त्या आठवड्यांनंतर त्याला जमेना. त्यानं बोट चराच्या टोकाला टेकवलं. "एक माणूस इथे आला, हातात मशिनगन. ट्ट्ट्ट्. सगळे फिनिश. वळणं पाहिजेत. नागमोडी. म्हणजे तोफेचा शेल पडला तरी एका वळणापुरताच."

"नोटेड," काका म्हणाले आणि चमचा त्याच्या हातात दिला.

त्यानं खणायला घेतलं. काकांनी मदतीला हात घातला, कडेची माती हळुवार थापली, तसा अनीश छाती काढून दरडावला, "रिक्रूट! यू डिगिंग ऑर यू गार्डनिंग?"

काकांचा हात जागीच थबकला.

"आमचा सार्जंट," अनीश हसला. "मला म्हणाला होता."

आवाज ऐकून धाकटी गार्गी आली. "मी ड्रोन," तिनं जाहीर केलं, आणि मोबाइल ट्रेवर उंच धरून, नाकातून घूंऽऽ करत फिरवू लागली. मग स्क्रीन दाखवली. वरून सगळंच दिसत होतं. हिरव्या टेकडीखाली ताज्या मातीची काळी रेघ, आत ओणवे सैनिक, आणि सगळ्यात ठळक, सोनेरी सिंहासन.

"बघ. आता धोका समोरून नाही, वरून येतो," अनीश म्हणाला. "छप्पर पाहिजे. आणि नवी माती दिसता कामा नये. जिथे खणलं तिथलंच गवत वर."

"तिथलंच गवत," काका पुटपुटले. त्यांचे डोळे चमकले. इतक्या दिवाळ्या हळीव उगवलं ते शोभेला. त्यांनी लोणी लावायची सुरी आणली, टेकडीवरून हळिवाचे मुळांसकट चौकोन उचलले. कुल्फीच्या काड्यांचं छप्पर, त्यावर माती, त्यावर हळीव. गार्गी घिरट्या घालून आली. "मला काही सापडेना," ती खट्टू होऊन म्हणाली. "फक्त महाराज."

तिघंही सिंहासनाकडे बघू लागले.

"बॉस कधी वर बसत नाही, बाबा. दिसला की पहिला तोच मरतो."

काकांनी हनुवटी खाजवली. निशिकांतकाकांचा खाकरलेला घसा त्यांना इथूनच ऐकू येत होता. "अरे, पण महाराज तरी कुठे उघड्यावर उभे राहून लढले?" ते हळूच म्हणाले. "शत्रूला दिसायचंच नाही, हा तर त्यांचाच धडा." आणि त्यांनी महाराजांना दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, आणि टेकडीच्या पोटात कोरलेल्या, सगळ्यात जाड छपराच्या खोलीत बसवलं. किल्ल्याच्या भिंतींवर आणि रिकाम्या सिंहासनावर अनीशनं हळीव पसरलं.

दुपारी अरुणाकाकू आणि गार्गी ट्रे घेऊन सेम्बावांगला निघाल्या. काका अनीशला स्टेशनपर्यंत सोडून मागून जाणार होते, परीक्षकांना समजावून सांगायला.

दोघं लिफ्टनं खाली उतरले. खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर मागे पडलं आणि अनीश आपणहून म्हणाला, "माझ्या खड्ड्यात मूळ लागलं."

"मग?"

"मोठं, हाताएवढं. बाकीच्यांचं झालं होतं. मी खड्डा जरा बाजूला घेतला, तर सार्जंट म्हणतो, एनिमी ऑल्सो शिफ्ट फॉर यू, इझ इट?"

"मग?"

ते स्टेशनच्या गेटपाशी आले. काकांना इथूनच परत फिरायचं होतं. अनीश कार्ड टेकवून आत गेला, वळला, आणि गेटच्या पलीकडून तसाच बोलत राहिला, बॅग खाली न ठेवता. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, टेकवलं आणि तेही आत गेले.

"तू तर स्पर्धेला..."

"पासिर रिस स्टेशनपर्यंत येतो. मूळ लागलं, मग?"

जुराँग ईस्टला गाडी बदलली, दोघांना जागा मिळाली. "मग ड्रोनची ड्रिल," अनीश म्हणाला. "सगळे आडवे. माझा खड्डा अर्धाच. गुडघ्यापासून पाय बाहेर. सार्जंट येऊन बुटांवर काठी टेकवून म्हणाला, धिस टू डेड, द रेस्ट कॅन गो होम." तो हसला आणि थांबला. "पण बाबा, आवाज येतो आणि वर काहीच दिसत नाही. खोटा आहे माहीत असतं. तरी मला ते नाही आवडत."

काका 'नोटेड' म्हणाले नाहीत. त्यांनी नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

फोन वाजला. निशिकांतकाका. "अहो, कुठे आहात? परीक्षक ट्रेपुढे वाकून वाकून थकले. नुसती हिरवळ आहे. मी आपलं विचारतो, महाराज आणायचे राहिले का?"

"दिसत नाहीत ना?" काका म्हणाले. "मग बरोबर आहे."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि अनीशकडे वळले. "हं. मग त्या मुळाचं काय केलंस?"