पथरी म्हणून सांगितलं ते

घरी मी पथरी सांगितली. आमच्या मूल गावाकडे तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. कुळथाचं पाणी प्यायचं, खडा पडला की मोकळं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि भावाच्या पथरीनं कुणाची सोयरीक मोडत नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं होतं. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या पिशव्या, वडिलांकडून आलेल्या. मी विचारलं, त्या वाढतात, तर आत जागा कुठून येते?

"जागा करून घेतात," ते म्हणाले. "शरीरात काही विकरं असतात, एन्झाइम. एरवी ती जुनं काढून नव्याला वाट देतात. इथं ती पेशींभोवतीची जाळी फाजील कुरतडतात, असं दिसतंय. अभ्यास चालू आहे, औषध नाही. रक्तदाब सांभाळा. आणि भावंडांना तपासून घ्या. प्रत्येकाला निम्मी शक्यता."

धानाच्या बांधीची मातीची पाळ खेकड्यानं आतून पोखरलेली मी पाहिली आहे. वर गवत हिरवंगार, आणि पाय ठेवला की खचते. त्या दिवसापासून लुंगी बांधतानाही कमरेला हात लावायची भीती वाटायची. आपल्याच अंगातलं काहीतरी आपल्याला खातंय, आणि त्याचा आवाजही नाही.

बहिणीला सांगितलं नाही. लग्न होऊ दे, मग सांगू. बाळंतपण होऊ दे, मग. अशी सहा वर्षं.

एका दिवाळीला ती माहेरी आली ती कंबर धरूनच.

"दादा, आंदणात तुयी पथरीच देली का गा मले? दोन वर्षं झाली, कुळथाचं पाणी पिऊन राह्यलो, खडा काही पडत नाई!"

आई हसली. मीही हसलो. तेवढं हसणं मला अजून माफ करता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला नेलं. नर्सनं रक्तदाब दोनदा मोजला, दोन्हीदा चढलेला. सोनोग्राफीत त्याच पिशव्या. बाहेर बाकावर मी सगळं सांगून टाकलं.

"तुले कवापासून माहीत होतं?"

"तुया लग्नाच्या आधीपासून."

"मंग माया पोरीले?"

"निम्मी शक्यता."

"दोन वर्षं नुसतं बीपी तरी मोजलं असतं ना गा."

ती उठली, डॉक्टरांच्या खोलीकडे वळली. मी मागे निघालो तर म्हणाली, "तू इथीच बस. आता मीच इचारतो."