कै. डेल रे स्मृती चषक

दादाभाऊ,

हे पत्र तुम्हाला आहे, पण चार लोकांसमोर वाचते आहे, म्हणजे "तसं न्हाई बाई" म्हणून मध्येच थांबवता येणार नाही. तुमच्या सदराचं काय झालं याबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात. संपादकांनी हाकललं म्हणतात, तुम्ही रुसलात म्हणतात. दोन्ही खोटं. झालं ते एकदाचं सांगून टाकते. तुम्हाला न ओळखणाऱ्यांनाही कळावं म्हणून परक्या माणसाची हकीकत सांगावी तसं सांगते. चालवून घ्या.

तर महाळुंगे पडवळचे दादाभाऊ पडवळ. कांदा-बटाट्याची शेती. त्याआधी आठ वर्षं मडगावात ट्रकवर होते, तिथेच फुटबॉलचं वेड लागलं. थोरला भाऊ गेला, शेतीला माणूस उरलं नाही, म्हणून त्र्याण्णव साली गावी परतले. वेड सोबत आलं. इकडे बैलगाडा आणि कबड्डी सोडून तिसरा खेळ कुणाच्या गावी नाही. बोलायचं कुणाशी? म्हणून ते घोडेगावच्या 'घोडकाठ' साप्ताहिकात लिहायला लागले. सदराचं नाव 'मैदानापल्याड'. केबलवर पाहिलेला सामना असा लिहीत की शर्यतीच्या घाटातून बैलगाडा सुटल्यासारखा वाटे. दिवसभर भावाच्या वाटणीचंही राबणाऱ्या या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर छापलेला तो अर्धा रकाना.

प्रुफं तपासायला एक निवृत्त बाई होत्या. म्हणजे मीच, पण गोष्ट दादाभाऊंची आहे, मला बाईच राहू दे.

दादाभाऊंचा एकच हेका. परदेशी स्पर्धेचं नाव तिथले लोक घेतात तेच छापायचं. इटलीची 'सेरी आ'. 'इटालियन लीग' नाही. स्पेनची 'कोपा डेल रे'. 'किंग्ज कप' नाही.

"अवो बाई, मडगावात मला आठ वर्सं समद्यांनी घाटी म्हणून हाक मारली," ते म्हणत. "माणसाचं नाव इचारायला काय मेहनत पडती का?"

संपादक कुशाबांचं उलटं. "पुण्याचे पेपर इंग्रजी नावं देतात. आपली पोरं परीक्षांना बसतात, त्यांना तीच कामाला येणार. तुमचं सेरी आ तिथं कोण विचारतंय?"

बाईंना दोघांचंही थोडं थोडं पटे, आणि नेमकं तेच दोघांनाही खपत नसे.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात बाई लेकीकडे पुण्याला गेल्या असताना एक अंक प्रुफं न पाहताच निघाला. छापखान्यात खिळे जुळवायला भागू होता. त्याचा हात यात्रेच्या पत्रकांवर बसलेला. आपल्याकडे चषक म्हटला की त्यामागे कुणीतरी वारलेलं असतंच. कुणाच्या वडिलांच्या नावाने, कुणाच्या चुलत्याच्या. दादाभाऊंच्या 'कोपा डेल रे चषक'मधलं 'कोपा' त्याला 'कै.'च चुकून लिहिल्यासारखं वाटलं, आणि 'स्मृती' तर दादाभाऊ लिहायलाच विसरले. त्याने आपलं चोख काम केलं. मथळा आला: 'कै. डेल रे स्मृती चषक: उपांत्य सामना रंगला'.

घोडेगावात कुणीही हसलं नाही. हसायचं काय त्यात? महाळुंग्याचे गेणभाऊ, सदराचे सगळ्यात पक्के वाचक, एसटी स्टँडवर दादाभाऊंना अडवून म्हणाले, "दादाभाऊ, वाईट झालं राव. कशानं गेलं डेल रे?"

"आरं, रे म्हंजी राजा! जित्ता हाय त्यो, धडधाकट!"

"आन जित्तेपणीच चषक? घरच्यांला बरं दिसतं का त्ये?"

कुशाबा मात्र भडकले. "परक्या देशाचा राजा मारला आपण! आता इंग्रजी नावं. किंग्ज कप. त्यात कुणी मरत नाही."

चूक आपल्या सदरात झाली म्हणून दादाभाऊ मुकाट्याने कबूल झाले. पुढच्या अंकात त्यांनी लिहिलं, किंग्ज कपची अंतिम लढत दुपारी पुन्हा दाखवणार आहेत, चुकवू नका. गेणभाऊंनी त्या दुपारी खुरपणी बायकांवर सोडली आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्हीवर 'कोपा डेल रे'. दहा मिनिटं वाट पाहून त्यांनी टीव्ही बंद केला आणि परत रानात गेले.

"तुजा किंग्ज कप दावलाच न्हाई की!" दुसऱ्या दिवशी ते दादाभाऊंच्या बांधावर येऊन म्हणाले. "त्या मेलेल्या माणसाचाच लावून ठेवला व्हता."

दादाभाऊंना हे लागलं. घोडेगावभर लोक सदर वाचत असतील-नसतील, पण वाचून सामना बघायला बसणारा हा एकच गडी. ते तडक एसटीने प्रेसमध्ये आले.

"मी दोन्ही करतो," ते कुशाबांना म्हणाले. "आदी त्यांचं नाव, मंग मराठीत अर्थ. 'कोपा डेल रे, म्हणजे स्पेनच्या राजाचा चषक.' पायजे तर 'राजे हयात आहेत' असं बी लिवतो."

"तीन ओळी नावातच जातील. सदर तुमचं, दादाभाऊ, पण पेपर माझा. इंग्रजी लिहा, नाहीतर राहू द्या. तुम्हीच ठरवा."

दादाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. बाईंनी समजावलं, "नावासाठी सदर काय सोडता? उद्या कुशाबांचं मन बदलेल." खरं तर कुशाबांचं मन बदलताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या मंग," दादाभाऊ शेवटी म्हणाले. "गेणभाऊला म्या भलत्याच दारात धाडला, बाई. पुन्यांदा न्हाई धाडायचा."

ना आवाज चढवला, ना चहा नाकारला. भागूच्या पाठीवर थाप मारून ते निघाले.

सदराच्या मथळ्याचा जस्ताचा ठोकळा तेवढा प्रेसमध्ये राहिला. दादाभाऊंनी हौसेने पुण्याहून करून आणलेला. बाईंनी हटकलं, "अहो, तो तुमचा आहे. न्या की."

"आत्ता हातात बियाण्याची पिशवी हाय. आमच्या आरतीच्या लग्नाला येताय न्हवं, तवा आणा."

"मी काय हमाल आहे? इथे पंचायत समितीत येता तेव्हा तुम्हीच घेऊन जा."

"येतो की."

आरतीच्या लग्नाला बाई पुण्याहून परस्पर गेल्या. दादाभाऊ ठिबकच्या अनुदानासाठी पंचायत समितीत खेपा घालत राहिले, आणि दर खेपेला काम आटपून थेट स्टँडवर. पुढे प्रेस ऑफसेटवर गेलं, भागूने खिळे मोडीत घातले, तो ठोकळा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे.