उलटा धरलेला कागद

ऑफिसात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. शिंप्याची लेक ती. पट्टीचा राग कशाला येईल?

दवाखान्याची वेळ ठरवून देणारं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी त्याची एकेक स्क्रीन नियमपुस्तिकेशी ताडून पाहायची, हे तिचं काम. अक्षर केवढं, रंग कुठला, बटण कुठे. तिची सही झाल्याशिवाय ॲप बाहेर पडत नसे.

बाकीचे मॉनिटरवर बघत. ती स्क्रीन कागदावर छापून घेई आणि कागद उलटा धरी, अक्षरं खाली डोकं वर पाय. वडील सदरा उलटा करून शिवण बघत, तसं. उलटी अक्षरं पटकन वाचता येत नाहीत. मग डोळा नुसती जागा बघतो.

त्या दिवशी दुपारी तीनला ॲप जायचं होतं. अडीचला सहाव्या कागदावर तिचा हात थांबला. आधीच्या पाच स्क्रीनवर 'पुढे' उजवीकडे होतं. सहावीवर त्या जागी 'रद्द करा' ऐसपैस बसलं होतं.

साहेब आले. "अहो फूटपट्टीबाई, एका बटणाने बाजू बदलली तर काय बिघडलं? लोकांना वाचता येतं!"

"पाचदा वाचल्यावर सहाव्यांदा कोण वाचतंय, साहेब? अंगठा आपोआप जातो."

"उशीर झाला तर वर उत्तर मला द्यायचंय. करा सही."

तिला नोकरीत कायम करण्याचा कागद याच साहेबांच्या टेबलावर महिनाभर पडून होता. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि मोबाइल पुढे केला.

"तुम्हीच घ्या बरं दवाखान्याची एक वेळ. दाढ दुखतेय असं समजा."

"माझ्या दाढा ठणठणीत आहेत," म्हणत साहेबांनी मोबाइल घेतला. आजूबाजूचे चौघे खुर्च्या सरकवून जवळ आले. अंगठा चालू लागला. पुढे, पुढे, पुढे... पाच वेळा. सहाव्यांदाही तो त्याच जागी पडला.

'आपली वेळ रद्द झाली आहे.'

"साहेब, दाढ राहिली की हो!" मागून कुणीतरी म्हणालं.

साहेब लाल झाले. मग प्रोग्रामरकडे वळले. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. पण बाई, मी ती स्क्रीन दहादा तपासली होती."

"सुलटी तपासलीत," ती म्हणाली.

साहेबांनी वर फोन लावून अर्धा तास मागून घेतला. सव्वातीनला नवा कागद छापून आला. तिने तो उलटा धरला, सावकाश पाहिला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर एक कागद होता. नोकरीत कायम केल्याचा, साहेबांच्या सहीचा, आणि मुद्दाम उलटा ठेवलेला. तिने तो तसाच उचलला. वरून खाली नजर फिरवली.

"साहेब," तिने जागेवरूनच हाक मारली, "समास एका बाजूला कमी सोडलाय!"

आतून साहेबांचं हसू ऐकू आलं. "बाई, तेवढं चालवून घ्या!"

"आजच्या दिवस," ती म्हणाली.