मावशी गावाला गेली, मी नळाजवळ राहिले

मे महिन्यात यवतमाळला कोणी फिरायला जात नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी मनालीचे फोटो पाठवत होत्या आणि मी पुण्याहून यवतमाळच्या स्लीपर बसचं तिकीट काढत होते. कारण होतं कुसुममावशीचा फोन. आई गेल्यावर तिच्या दोन बहिणी उरल्या. त्यातली कुसुममावशी धाकटी. यवतमाळच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, आणि काका गेल्यापासून घरात एकटी. थोरली माई फुलसावंगीला मुलाकडे असते. हिवाळ्यात माईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मावशीचा जीव तिकडे लागलेला.

"मले जायचं आहे माईले पाहाले," ती फोनवर म्हणाली. "पण नळ कोण पाहीन?"

मला ते बहाण्यासारखं वाटलं. तरी रजा टाकली. या वर्षी मलाही कुणाबरोबर कुठे जायचं ठरलेलं नव्हतंच.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून खासगी बस संध्याकाळी सुटतात आणि सकाळी यवतमाळला सोडतात. भाडं सुट्ट्यांत बरंच चढतं. एसी असलेलीच बस घ्या. आणि स्टँडजवळ कुठल्याही गाड्यावर तर्री-पोहे खा. पोह्यांवर झणझणीत हरभऱ्याचा रस्सा, वर कच्चा कांदा. डोळ्यांत पाणी आलं तर तेवढंच पाणी तिथे फुकट मिळतं, असं माझा रिक्षावाला म्हणाला.

मावशीच्या घरात पाऊल टाकताच जाणवली ती शांतता. विदर्भातलं मे महिन्यातलं घर म्हणजे कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्यांना तो वास आहे. इथे कूलर खिडकीत होता, पण त्यावर चादर टाकलेली.

"कूलर लय पाणी पेते," मावशी म्हणाली. "मी पेऊ का त्याले पाजू?"

पाऊस दोन वर्षं धड झालेला नाही. नळ आठवड्याने येतो, कधी आणखी उशिरा, आणि कुठल्या वेळी येईल ते कोणी सांगू शकत नाही. अंगणात जमिनीखाली टाकी, मागे निळे ड्रम, स्वयंपाकघरात पितळी गुंड आणि झाकण असलेलं प्रत्येक पातेलं भरलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं मोरीला. मला आंघोळीला अर्धी बादली मिळाली. परातीत बसून आंघोळ करायची, म्हणजे तेही पाणी संडासात टाकता येतं. चाळिशी उलटलेली बाई परातीत उकिडवी बसलेली. हसू यायला हवं होतं, पण तेव्हा आलं नाही.

मग हळूहळू कळलं, तो बहाणा नव्हता. नळ चुकला तर पुढचा आठवडा टँकरवाल्याच्या मागे. म्हणून मावशी लग्नांना गेली नाही, बारशांना गेली नाही. मैत्रिणींनी बोलावणं हळूहळू बंद केलं. हिवाळ्यात, झटका यायच्या आधी, माईने स्वतः फोन केला होता. ये न वं, चार दिवस राह्य. मावशी म्हणाली होती, नळाचं पाहून येतो. (तिकडे बायकाही 'येतो-जातो' म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती शेवटपर्यंत सूचना देत राहिली. "नळात हवा फुसफुसली का मोटर लावजो. पहिलं टाकी, मग ड्रम. झोपू नको दुपारी! आणि त्या शेवटच्या घरच्या राऊतबाईसंग बोलू नको."

"काहून?" मी विचारलं.

"मोटरीवरून भांडण आहे."

एवढ्यात बस निघाली.

आणि मग मी त्या घरात एकटी. प्रवासाला निघालेली मी एका अंगणातल्या तोटीसमोर खुर्ची टाकून बसले. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं. प्रत्येक घराचं दार बंद, आणि प्रत्येक दारामागे माझ्यासारखंच कुणीतरी कान देऊन बसलेलं. पूर्वी इथल्या विहिरीवर बायका एकत्र पाणी भरायच्या, असं आई सांगायची. आता ज्याची त्याची मोटर. मी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला, कारण त्यात फुसफुस ऐकू आली नसती. फोनवरसुद्धा बोलले नाही. संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात माझा स्वतःचाच आवाज मी ऐकलेला नाही. मावशीचे किती दिवस असे गेले असतील, हे मोजायला नको वाटलं.

त्यानंतरच्या दुपारी मी झोपलेच. फरशीवर, ओला पंचा तोंडावर घेऊन. दारावर धडाधडा थापा पडल्या तेव्हा जाग आली.

"अवो बाई! नळ येऊन राह्यला न! झोपल्या का काय?"

दारात एक सडपातळ म्हातारी, डोक्यावर पदर, हातात रिकामी कळशी. मी धावत जाऊन मोटर लावली. टाकीत पाण्याचा आवाज सुरू झाला तशी ती वळून निघाली.

"तुम्ही कुठे राहता?" मी विचारलं.

"त्या टोकाले. राऊत."

जिच्याशी बोलायचं नव्हतं तीच ही. मग विचारलं, "तुमच्याकडे भरून झालं?"

"आमच्याकडं कायचं होते बाई," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या मोटरा बंद झाल्या का मंग थोडं येते. आलं तं आलं."

"मग मला उठवलं कशाला?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "कुसूम माईले पाहाले गेली न? तिच्या घरी पाणी नको का?"

आणि गेली. मी मोटरजवळ उभी राहिले. टाकी निम्म्यावर आली होती, ड्रम अजून भरायचे. मावशीचा विश्वास माझ्यावर, आणि ही बाई टोकाच्या घरात रिकाम्या कळशीजवळ. आधी ड्रम भरून घेतले, कारण ते रोजच्या वापराचे. मग टाकी अर्धी असतानाच मोटर बंद केली. थोड्या वेळाने टोकाच्या घरातून बादलीत धार पडल्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत मी फाटकाशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी मावशीला आणायला निघाले. मार्ग सोपा आहे. यवतमाळहून उमरखेड-नांदेडकडे जाणारी एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट. आर्णीला गाडी थांबते तेव्हा स्टँडवर चहा आणि आलुबोंडा घ्या. पुढे महागावला उतरून फुलसावंगीसाठी ऑटो मिळतो, तो भरेपर्यंत हलत नाही. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, बांधाबांधावर उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे ढीग, पानं गळालेले साग. आर्णीच्या पुलावरून नदी दिसते म्हणतात. मला वाळू दिसली.

माईच्या मुलाचं घर गावाच्या कडेला. अंगणात ट्रॅक्टरला जोडलेली पाण्याची टाकी, शेतातल्या विहिरीवरून भरून आणलेली. वहिनींनी मला आधी हातपाय धुवायला तांब्या दिला, मग पन्हं. मावशी आतून बाहेर आली. दोन्ही रात्री झोपली नसावी असा चेहरा.

"मले ओळखलंच नाही तिनं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी म्हणे, कोणाच्या घरच्या वं तुम्ही? उशीर केला मीनू मी."

आत माई खाटेवर पडून होती, चिमणीएवढी झालेली. मी पायांना हात लावला. तिने माझ्याकडेही परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मग मावशीकडे नजर वळवली, आणि अडखळत, एका बाजूने ओठ हलवत विचारलं,

"बाई... नळ आला का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आला माई," मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "सारं भरून ठेवलं. तू झोप आता."

माईने डोळे मिटले. मावशी बराच वेळ तिथेच बसून होती. त्या रात्री वहिनींनी ज्वारीची भाकर, बेसनाच्या पातोडीची भाजी आणि ठेचा केला. मावशीने दोन घास खाऊन ताट सारलं.

परतीच्या बसमध्ये मी टाकीचं सांगितलं. राऊतबाईंनी उठवलं, मी मोटर अर्ध्यात बंद केली. मावशी भडकेल असं वाटलं होतं.

"तिनं उठवलं तुले?" तिने विचारलं. नंतर आर्णी येईपर्यंत पदराने खिडकीची धूळ पुसत राहिली.

मी त्याच संध्याकाळच्या बसने निघाले. पुण्यात आमच्या सोसायटीत पाणी येतं, जातं, टँकर मागवतात. मी त्याची कधी वाट बघितलेली नाही. कोणी विचारतं, यवतमाळात पाहण्यासारखं काय? मी सांगते, पाऊस झाला की जा, जंगलं हिरवी असतात, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मे महिन्यात जाणार असाल तर कुणाकडे उतरा आणि आपल्या वाटणीचं पाणी आधी विचारून घ्या.

मागच्या आठवड्यात ऑफिसातून येऊन जिना चढत होते तेव्हा मावशीचा फोन आला. मागून बसचा हॉर्न ऐकू येत होता.

"फुलसावंगीले चाल्ली मी. माई ओळखत नाही, नाही तं नाही. मी तं ओळखतो न तिले."

"आणि नळ?"

"राऊतबाईले चावी देऊन आली. म्हटलं, पहिलं तुह्यं भर, मंग माह्यं."

फोन ठेवून मी माझ्या मजल्यावर थांबले. उद्या मला अचानक कुठे जावं लागलं, तर माझी चावी मी कुणाला देईन? समोरच्या दारावर पाटी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी थांबून त्यावरचं नाव वाचलं.