माझ्यानंतरचं पाणी

"बूस्ट लाव."

मी नुकतीच स्विमिंग पुलातून वर आले होते. पंजाबी ड्रेस अंगाला चिकटलेला, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पाणी फरशीवर टपटपत होतं. मुठीत चांदीचं पैंजण. पाहुण्यांच्या मुलीच्या पायातलं, सकाळी पोहताना तळाला गेलेलं. ते मी मालकीणबाईंच्या, वहिनींच्या पुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही, टॉवेल पुढे केला. त्यात पैंजण टाकायला लावलं आणि म्हणाल्या, "आता बूस्ट लाव. मुलं संध्याकाळी परत उतरणारेत."

व्हरांड्यात मुंबईचे पाहुणे आमरस-पुरी जेवत होते. सगळ्यांनी ऐकलं. कुणाचा घास अडला नाही.

मी पंपाच्या खोलीत गेले आणि माझ्याच बोटाने ते बटण दाबलं.

बूस्ट म्हणजे काय ते सांगते. हा स्विमिंग पूल मिठावर चालतो. पाण्यात मीठ विरघळवायचं. ते पाणी यंत्रातल्या वीज सोडलेल्या पत्र्यांमधून जातं आणि मिठातूनच क्लोरीन तयार होतं. रोज थोडं थोडं. पण पार्टी झाली, पावसाचं गढूळ पाणी आत आलं, कुणी उलटी केली, की बूस्टचं बटण. मग यंत्र दिवसभर पूर्ण जोराने क्लोरीन सोडतं आणि पाण्यातली घाण मारतं.

त्या दिवशी पार्टी नव्हती. पाऊस नव्हता. बूस्ट लावलं ते मी उतरले म्हणून.

भाट्ये गावाच्या पुढे, कातळाच्या सड्यावर, खोतांची आंब्याच्या कलमांची बाग आहे. बागेत त्यांचा बंगला आणि बंगल्यापुढे हा पूल. मालक, म्हणजे भाऊ, आणि वहिनी मुंबईला असतात, सुट्टीला येतात. पूल बारा महिने माझ्याकडे. यंत्र बसवायला आलेल्या माणसानेच मला सगळं शिकवलं. जाळीने पानं काढायची. भिंती ब्रशने घासायच्या. नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. यंत्राने मीठ कमी दाखवलं की पोतं फोडून उथळ बाजूला ओतायचं आणि पार विरघळेपर्यंत ब्रश फिरवायचा. बोअरच्या पाण्याचा पांढरा चुना पत्र्यांवर बसतो, तो पातळ केलेल्या ॲसिडने काढायचा, नाकाला फडकं बांधून. काम मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण हेवाही वाटायचा. फार वाटायचा. खाली एवढा समुद्र पसरलेला आणि ही माणसं त्याच्याकडे पाठ करून गोड्या पाण्यात मीठ ओततात. आमची बौद्धवाडी त्याच सड्याच्या उतारावर. चैत्र लागला की आमच्या विहिरीचा तळ दिसतो, मग टँकरची वाट बघायची. टँकरखाली हंडा धरताना डोळ्यांपुढे तो निळा पूल यायचा आणि माझं डोकं फिरायचं. वहिनींच्या साड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, गाडीचाही नाही. पाण्याचा वाटला. त्यांना तर पोहताही येत नाही. कडेची दांडी धरून पाय हलवतात आणि दमल्या म्हणून बाहेर येतात. मी पावसाळ्यात वाडीखालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात पोहायला शिकले. चणे त्यांच्याकडे, दात माझ्याकडे. रोज त्या पाण्यावर जाळी फिरवायची आणि पायाचा अंगठाही बुडवायचा नाही. हा नियम कुणी सांगितला नव्हता. सांगायला लागत नव्हता.

पाहुण्यांबरोबर त्यांचा कुत्रा आला होता, ब्रूनो. मोठा, केसाळ, गुबगुबीत. त्या सकाळी तो कलमांच्या बुंध्याशी टाकलेल्या शेणखतात मनसोक्त लोळला आणि धावत येऊन पुलात पडला. सगळे हसले. मोबाईल निघाले. मुलांनी पाण्यातच त्याच्या गळ्यात हात टाकले. वहिनी म्हणाल्या, किती गोड आहे. मी नंतर जाळीने त्याचे केस काढत बसले. बूस्ट लावायला कुणी सांगितलं नाही.

मला कुत्र्याचा हेवा वाटला. हे लिहायला लाज वाटत नाही. ज्यांनी वाटायला लावला त्यांना वाटावी.

मग पैंजणाची शोधाशोध सुरू झाली. ते जाळीत येईना, ढकललं की पुढे सरकायचं. पुरुषमंडळी आंघोळ करून जेवायला तयार, पुन्हा भिजायला कुणी राजी नाही. भाऊ मला म्हणाले, "तू उतर ना. तुला येतं ना पोहता?"

मी उतरले. खाली गेले, डोळे उघडे ठेवले. गार, स्वच्छ, निळं पाणी. मी घासलेल्या भिंती, मी राखलेलं पाणी, आणि पहिल्यांदा त्यात मी. पैंजण लगेच दिसलं होतं. तरी लगेच उचललं नाही. दम पुरेपर्यंत तळाशी तशीच राहिले. एवढं सुख मला पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

वर आले, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिच्या लहानपणी खोतांच्या विहिरीवर तिला लांब उभं राहावं लागे, कुणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. चुकून काठाला हात लागला तर गोमूत्र आणत. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तवा गोमूत्र होता, आता बटान आला. तू कशाला जीव जाळतेस गो?"

आई हे इतक्या शांतपणे बोलली की मला तिचा राग आला. मग कळलं, राग तिचा नव्हता. तिच्या विहिरीवर गोमूत्र दुसरं कुणी शिंपडायचं. इथे बाटवणारीही मी आणि शुद्ध करणारीही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रूनो पुन्हा पुलात. पुन्हा हसणं, पुन्हा मोबाईल. मी जाळी खाली ठेवली आणि व्हरांड्यापाशी गेले.

"वहिनी, बूस्ट लावू?"

"कशाला?"

"ब्रूनो उतरलाय."

त्या हसल्या. "अगं, तो घरचाच आहे."

तो परवा मुंबईहून आलेला. पूल खणला तेव्हापासून मी तिथे आहे.

"मग काल माझ्यानंतर का लावायला सांगितलंत?"

वहिनी म्हणाल्या, तू कपड्यांनिशी उतरली होतीस, कपड्यांना घाम असतो, धूळ असते. मी म्हटलं, ब्रूनो शेणखतात लोळून उतरला होता. पाहुण्यांपैकी एक बाई मोबाईलमध्ये बघायला लागल्या. भाऊंनी पेपर बाजूला ठेवला.

"विषय वाढवू नकोस. कुत्र्यासाठीही लाव बूस्ट. झालं समाधान?"

माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे फार तर कुत्र्याच्या रांगेत बसवणार. तेवढ्यावर मी खूश व्हायचं.

"नाही लावणार," मी म्हटलं. "त्याच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. मला कुत्र्याची बरोबरी नकोय. मी माणूस आहे. मी उतरल्याने पाणी बाटत नाही, हे इथे सगळ्यांसमोर म्हणा. मग मी कामाला लागते."

कुणी म्हटलं नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या की आजकाल यांना काही बोलायची सोय राहिली नाही. 'यांना' कोण, ते मला विचारावं लागलं नाही. पंपाच्या खोलीची किल्ली मी भाऊंच्या पेपरवर ठेवली आणि फाटकातून बाहेर पडले.

आई बोललीच. आपल्या हाताने पोटावर पाय मारून घेतला म्हणाली. खरं आहे. दुसरं काम मिळेपर्यंत ओढाताण होणार आहे, मला ठाऊक आहे. पण हेवा सोड असं ती म्हणाली, ते मी ऐकणार नाही. हेवा वाईट, हे आम्हालाच का शिकवतात? ज्यांच्या दारात पाणी भरलेलं आहे त्यांना हा धडा कुणी देत नाही. मला ते पाणी हवं होतं. अजून हवं आहे. आता हे मी लपवणार नाही, त्यांच्यापासून नाही आणि आईपासूनही नाही.

यापुढे मी पाण्यात उतरेन ती पोहायला, कुणाचं हरवलेलं शोधायला नाही. आणि माझ्यामागून ते पाणी शुद्ध करायला ज्याचा हात उठेल, तो हात मी सगळ्यांसमोर धरीन.