दोघंच निघालो, नारळांसकट

वैशाखरे गावातल्या आमच्या घरात लग्न झालेल्या जोडप्याला दोघंच बाहेर पडायला तीन कारणं चालतात: देव, दवाखाना आणि कुणाचं तरी लग्न. 'फिरायला' हा शब्द फक्त शाळेच्या सहलीपुरता. म्हणजे आम्ही घराबाहेर पडतच नाही असं नाही. म्हसा गावच्या जत्रेला टेम्पो भरून जातो आणि परतताना कोण कुणाच्या मांडीवर बसलंय याचा पत्ता नसतो. पण मी आणि माझा नवरा नितीन, दोघंच, काही कारण नसताना? लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी चौथीत गेली, तरी तो योग आला नव्हता.

या हिवाळ्यात भाताची झोडणी आटपली आणि मी हट्टच धरला. ठिकाण पक्कं होतं: संभाजीनगर. लोक तिथे वेरूळ-अजिंठ्यासाठी उतरतात आणि शहर न बघताच परत फिरतात. मला मात्र ते जुनं शहरच बघायचं होतं, तटबंदीचं, वळणावळणावर दरवाजे असलेलं. आणि खरं सांगायचं तर मनात एक धास्तीही होती. भरल्या घरात आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, मोटर बिघडली, पोरीचा युनिफॉर्म आखूड झाला. हे सगळं बाजूला काढलं तर आम्हा दोघांत बोलायला काही उरलंय का? नसेल तर?

नितीनला रात्री जेवताना घरी सांगायची जबाबदारी दिली. मुरबाडच्या कारखान्यात साहेबांशी वाद घालणारा हा माणूस, आईसमोर पार ढेपाळला. म्हणाला, "आई, आम्ही जरा घृष्णेश्वराला जाऊन येतो."

झालं. आमच्याकडे देवाला निघालेल्याच्या हाती शेजारीपाजारी आपापला नारळ देतात. तो तिथे वाढवायचा आणि प्रसाद घरोघरी पोचवायचा. नाही म्हणायची सोय नाही. शिवाय प्रसाद घरी पोचेपर्यंत मटण-मासळी बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओटीवर नारळांचा ढीग लागला. आणि त्या ढिगाकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "देवालाच जाताय तं मी बी येते गो. गाडीत जागा हाय."

नितीन माझ्याकडे बघायला लागला, मी नितीनकडे. देवाला येणाऱ्याला कोण अडवणार! रात्रभर चरफडले आणि सकाळी चुलीपाशी सरळ सांगून टाकलं, "आई, आम्हाला दोघांनाच जायचंय. देवाला जाऊच, पण खरं म्हणजे फिरायला जायचंय."

आई चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिल्या. मला वाटलं, आता सगळं मुसळ केरात. मग म्हणाल्या, "मंग आदीच सांगायचं ना. मी कंदी गेले नाय म्हनून तुमी बी जायाचं नाय का? जा. पोरीला आमी बघतो." जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "नारळ मातर न्यायाचे हां. आता लोकांनी दिलेत."

शनिवारी उजाडताना दिराची जुनी गाडी घेऊन निघालो. नितीनने आदल्या दिवशी त्या गाडीचा बंद पडलेला टेप हौसेने दुरुस्त करून घेतला होता. हे कुठलं खूळ, असं मला वाटलं, पण बोलले नाही. आमच्या गावापासून माळशेज घाट हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यातली गर्दी आता नसते, धबधबे आटलेले, पण दरीतलं धुकं थंडीतच बघावं. पुढचा मार्ग सोपा आहे: ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर, संभाजीनगर. नाश्ता आळेफाट्याला उरकून घ्या, मिसळ झणझणीत मिळते. टोलनाके, जेवणखाण धरून पोचायला दुपार होतेच, तेव्हा पहिल्या दिवशी शहरच बघा, वेरूळचा सोस धरू नका.

घाट चढून गेल्यावर मी नियम केला: आता घरच्या गोष्टी बंद. आणि आम्ही खरंच बंद झालो. ओतूर गेलं, आळेफाटा गेला. टेप वाजत होता. मागच्या सीटवर नारळ गडगडत होते. मी खिडकीबाहेर कांद्याची शेतं बघत होते आणि मनात म्हणत होते, बघ, ज्याची भीती होती तेच झालं.

हॉटेल आम्ही पैठण गेटजवळ घेतलं, साधं, स्वच्छ, खिशाला परवडेल असं. एक सल्ला: जुन्या शहरात स्वतःची गाडी घालू नका. गल्ल्या अरुंद आणि हातगाड्यांनी भरलेल्या. चालावं, पाय दुखले की रिक्षा करावी. आम्ही गुलमंडीतून शहागंजच्या घड्याळापर्यंत चाललो आणि तिथून पाणचक्कीला रिक्षा केली. रिक्षावाले चाचा आरशातून आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"नया जोडा है क्या?"

"नाही हो, अकरा वर्षं झाली," नितीन म्हणाला.

"ग्यारा साल! फिर झगडा हुवा क्या? बात नई करते तुम लोगां."

मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. नितीनही हसायला लागला. चाचांना काय झालं ते कळेना, तेही हसले आणि आम्हाला पाणचक्कीच्या दारात सोडून गेले.

पाणचक्कीच्या हौदाकाठी वडाखाली बसलो. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून इथवर आणलंय, ते वरून कोसळत राहतं. मी नितीनला सगळं सांगून टाकलं: मला भीती वाटत होती की आपल्याकडे बोलायला काही नाही.

तो म्हणाला, "मला पण. म्हणून तर टेप दुरुस्त केला."

हा बाबा माझ्यासारखाच घाबरून निघाला होता तर! एकदम हलकं वाटलं. मग म्हणाला, "आता बोलतोच आहोत तर सांगतो. मला वालाचं बिरडं आवडत नाही."

"काय?"

"लग्नानंतर पहिल्यांदा केलंस तेव्हा चांगलं झालंय म्हणालो. तू दर आठवड्याला करायला लागलीस. मग माघार कशी घ्यायची?"

अकरा वर्षं मी वाल भिजवतेय, मोड आणतेय, एकेक सोलतेय आणि ह्याच्या ताटात दोन डाव जास्त वाढतेय! मी हौदातलं पाणी त्याच्या अंगावर उडवलं. शेजारच्या बाकावरच्या मावशी आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, किती हौशी आहेत." त्या काकांनी मान हलवली आणि ते शेंगा सोलत राहिले.

त्यानंतर आमची तोंडं काही मिटली नाहीत. महमूद दरवाजातून मकाई गेटपर्यंत चालत गेलो. दरवाजाच्या पोटातून अजून दुचाक्या, रिक्षा सगळं जातं, हॉर्नचा आवाज कमानीत घुमतो. भडकल दरवाजाजवळ त्याने माझा हात धरला. वैशाखऱ्यात रस्त्यावर तो माझ्यापुढे दहा पावलं चालतो. सूर्य कलताना बीबी का मकबरा बघितला. तो तटबंदीबाहेर आहे, पण चुकवू नका, उन्हं उतरताना घुमट गुलाबी दिसतो.

दुःख एकच, नान खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या झणझणीत रश्श्याचं. जुन्या शहरात ठिकठिकाणी त्याचे मोठाले हंडे उघडतात आणि रस्ता दरवळतो. खास मटण खलियाची पाटी बघून नितीन एका दुकानासमोर उभाच राहिला, पण हॉटेलात नारळ वाट बघत होते. "देवाचं नाव सांगितलं तूच," मी म्हटलं. बिचाऱ्याने मसालेभात खाल्ला.

रविवारी पहाटे घृष्णेश्वर. लवकर गेलात तर रांग कमी लागते. पुरुषांना गाभाऱ्यात सदरा काढून जावं लागतं, थंडीत कुडकुडायची तयारी ठेवा. ज्याचा त्याचा नारळ नाव घेऊन वाढवला. वेरूळची लेणी तिथून चालत जाण्याएवढी जवळ आहेत, मंगळवारी मात्र बंद असतात. दुपारी परत शहरात येऊन आईंसाठी इथल्या खास विणीची हिमरू शाल घेतली, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच दरवाजांतून निरुद्देश हिंडलो. मला सगळ्यात जास्त आवडली ती हीच संध्याकाळ, कारण तिच्यात बघायचं काही उरलं नव्हतं आणि आम्ही बोलतच होतो.

सोमवारी परतताना टेप लावायची आठवण कुणालाच झाली नाही.

घरोघरी प्रसाद पोचवला. आईंनी शाल दहा वेळा उलटसुलट करून बघितली. नितीनने जेवताना दरवाजे, मकबरा, वेरूळ सगळं चार वाक्यांत गुंडाळलं आणि नान खलियाचं दुःख मात्र इतकं रंगवून सांगितलं की बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, घास हातातच राहिला.

काय उरलं म्हणाल तर, आमच्याकडे आता वालाचं बिरडं कधीमधीच होतं, आणि नितीन संध्याकाळी कामावरून आला की आम्ही ओढ्यापर्यंत चालून येतो, बरोबरीने. एवढंच लिहून थांबणार होते. पण गेल्या आठवड्यात जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढल्या शनवारी आमी दोघं संभाजीनगरला चाललोय. फिरायला."

आई मान खाली घालून भात कालवत होत्या. शाल अंगावर होती.

"आनि नारळ कोनी देऊ नका," बाबा म्हणाले. "आमाला नान खलिया खायाचाय."